बंदरावरील नित्याचें जग

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबापुढें दोन वाटा असतात. महाबळेश्वराच्या पठारावर तो पश्चिमेच्या अंगाला पडला, तर सावित्रीच्या ओघांतून बाणकोटच्या खाडीस आणि तेथून अरबी समुद्रास मिळतो; पूर्वेच्या अंगाला पडला, तर कृष्णेबरोबर वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली हीं गांवें पाहत शेंकडों कोस चालतो आणि शेवटीं बंगालच्या उपसागरास जातो. कृष्णेच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेनें अवघा चाळीस मैल. परंतु ती त्याच्याकडे पाठ करूनच निघते. आपण सातारा-सांगलीकडील माणसेंहि थोडींबहुत आपल्या नदीसारखींच आहों. समुद्र इतका जवळ असून आपली त्याच्याशीं ओळख नाहीं.

आम्हांस समुद्र प्रथम भेटला तो आठवड्याच्या बाजारांत. सुकटीची पाटी, सुक्या बोंबलांचा ढीग, खारवलेल्या बांगड्यांचा उग्र वास आणि शेजारीं मिठाचे खडे, एवढाच काय तो आमचा समुद्र! चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे येणाऱ्या वाटेनें पूर्वीं बैलांच्या पाठीवरून हाच माल वर येई आणि देशावरचें धान्य व गूळ खालीं जाई. ही मासळी कोणाच्या हातांतून येते, तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, अशी इच्छा मनांत होती. त्या इच्छेपायीं गेलीं कांहीं वर्षें आम्ही सुटी मिळाली कीं कॅमेरा घेऊन घाट उतरतों, आणि कोंकणच्या बंदरांवरील व बेटांवरील नित्याचीं दृश्यें टिपून आणतों.

परत आल्यावर इष्टमित्र मोठ्या उत्सुकतेनें छायाचित्रें पाहावयास बसतात आणि दहापांच चित्रें पाहून झालीं कीं म्हणतात, "अहो, इतक्या लांब जाऊन टोपल्यांचे आणि जाळ्यांचे फोटो काय काढलेत? किल्ल्याचे दाखवा, सूर्यास्ताचे दाखवा!" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आणि हल्लीं शाळकरी मुलांच्या हातींहि कॅमेरा असलेला मोबाइल सहज येत असल्यामुळें, या प्रश्नाचें उत्तर आमच्या बालमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें जरा सविस्तर मांडावें, असें वाटतें.

प्रथम आपल्या घरांतील जुन्या तसबिरींकडे पाहा. आजोबा कोट व पगडी घालून खुर्चीवर बसलेले, आजी नऊवारी शालू नेसून शेजारीं उभी, मागें रंगविलेला पडदा आणि त्यावर कधीं न पाहिलेल्या बागेचें चित्र. फोटो हा लग्नाचा, बक्षिसाचा किंवा निरोपसमारंभाचा, अशी आपली पक्की समजूत आहे. तीच आजी पहाटे जात्यावर बसे, खुंटा हातांत धरून ओव्या म्हणे; परंतु जात्यावरचा तिचा हात कोणत्याहि तसबिरींत नाहीं. सणाचा एक दिवस जपून ठेवला आणि उरलेले तीनशें चौसष्ट दिवस वाऱ्यावर सोडले, असा हा व्यवहार आहे. ज्या कामांत माणसाचें आयुष्य गेलें, तेंच काम चित्रांत नसावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

साताऱ्याहून हर्णैस जावयाचें तर महाबळेश्वर, आंबेनळीचा घाट, पोलादपूर, खेड, दापोली अशी वाट आहे. दापोलीहून खालीं उतरलें, कीं ताडामाडांच्या पलीकडे समुद्र दिसतो आणि त्या समुद्रांत सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा हा बळकट किल्ला. सन १७५५ मध्यें इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनें तो घेतला. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे त्याचे तीन सोबती उभे आहेत. येणारा प्रत्येक पाहुणा येथें थांबून सुवर्णदुर्गाचें चित्र घेतो, आम्हींहि घेतलें. परंतु किल्ला तीनशें वर्षें जेथें होता तेथेंच आहे, आणि उद्यांहि तो तेथेंच भेटेल. किल्ल्याच्या अलीकडे वाळूवर जें चाललें होतें, तें मात्र दोन घटकांत संपणार होतें.

किल्ल्याच्या आडोशाला मच्छीमारांच्या होड्या नांगर टाकून उभ्या असतात. हर्णै, पाजपंढरी या वस्त्यांतील मंडळी सकाळीं व सायंकाळीं किनाऱ्यावर जमतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो. मोठ्या होडींतील मासळी लहान होडींतून उथळ पाण्यांत आणावयाची, बैलगाडींत किंवा डोक्यावर घेऊन वाळूवर उतरावयाची, सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडे यांचे वेगवेगळे वांटे लावावयाचे. मग बोली बोलणाऱ्याभोंवतीं कडें पडतें. कमरेला ओचा घट्ट खोवलेल्या बाया, हिशेबाची चोपडी घेतलेले व्यापारी, बर्फ फोडणारीं पोरें, वर घिरट्या घालणाऱ्या घारी आणि खालीं संधि साधणारीं मांजरें, अशी सगळी एकच गर्दी. नवख्या माणसाला हा केवळ गोंगाट वाटतो. तासभर कॅमेरा पिशवींतच ठेवून पाहत राहिलें, म्हणजे मग त्या गोंगाटांतील शिस्त ध्यानांत येते. कोणी कोठें उभें राहावयाचें, कोणाच्या शब्दानें बोली संपावयाची, उरलेले बारीक मासे कोणी उचलावयाचे, हें सर्व ठरलेलें असतें. हा पाहण्याचा तास छायाचित्राच्या कामांतील खरा तास होय. बोट दाबावयाला क्षणहि लागत नाहीं.

प्रकाशाविषयीं येथेंच दोन शब्द सांगतों, कारण घाटावरून येणाऱ्याला तो प्रथम चकवितो. समुद्रावर ऊन वरून येतें, तसेंच पाण्यावरून आणि ओल्या वाळूवरूनहि येतें. सकाळीं सूर्य आपल्या पाठीमागें, डोंगराकडे असतो. त्या वेळीं समोरच्या माणसाच्या तोंडावरची प्रत्येक सुरकुती आणि जाळ्याचा प्रत्येक धागा स्वच्छ उमटतो. सायंकाळीं सूर्य किल्ल्यामागें जातो. तेव्हां माणसांच्या नुसत्या काळ्या आकृति दिसतात. त्या आकृति सुंदर असतात खऱ्या, पण त्यांत कोणाचें तोंड ओळखूं येत नाहीं. ज्याला केवळ शोभा हवी त्यानें सायंकाळीं जावें. ज्याला माणूस हवा त्यानें सकाळीं जावें. भर दुपारीं मात्र कॅमेरा झांकून ठेवावा, आणि खाऱ्या वाऱ्यापासून व वाळूपासून तर त्याला नेहमींच जपावें.

हर्णैच्याच वाळूवर एका मासळीवालीनें आम्हांस एक प्रश्न विचारला. ती टोपलीपाशीं बसली होती. चित्र काढावयास तिनें हरकत घेतली नाहीं. चित्र काढून झाल्यावर मात्र ती म्हणाली, "दादा, एवढे फोटो काढतां, ते जातात कुठं?"

आम्ही म्हणालों, "मावशी, पुढल्या खेपेला तुमचा तुम्हांला आणून देतों."

"आजवर लई जणांनी काढले," ती हंसून म्हणाली, "आणून कुणी दिला नाय."

आपल्या भाषेंत चित्र 'काढतात' हें केवढें खरें आहे! विहिरींतून पाणी काढावें, झाडावरून फळ काढावें, तसें माणसाजवळून कांहींतरी काढून घ्यावें आणि चालूं लागावें. काढलेलें परत द्यावें, ही अट मात्र त्या शब्दांत नाहीं. ती ज्याची त्यानें घालून घ्यावयाची असते. पुढील खेपेस आम्हीं तें चित्र कागदावर छापून नेलें. मावशीनें तें हातांत घेतलें; पण स्वतःच्या तोंडाकडे तिनें फारसें पाहिलें नाहीं. तिचें बोट मागच्या एका होडीवर टेकलें. "ही आमची होडी," ती म्हणाली, "गेल्या साली विकली." मग तें चित्र शेजारच्या चारचौघींच्या हातांतून फिरलें आणि शेवटीं प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळून टोपलीच्या तळाशीं न ठेवतां कमरेला खोंचलें गेलें. चित्र घेतांना ती होडी आमच्या ध्यानांतहि नव्हती. छायाचित्रांत काय मोलाचें आहे, हें काढणाऱ्यापेक्षां ज्याचें चित्र त्याला अधिक कळतें, हा धडा आम्हांस त्या दिवशीं मिळाला.

असाच अनुभव फार दूरच्या एका किनाऱ्यावर एका थोर लेखकास आला होता. आयर्लंडच्या पश्चिमेला अॅरन नांवाचीं तीन खडकाळ बेटें आहेत. जॉन मिलिंग्टन सिंज हा नाटककार सन १८९८ मध्यें तेथें प्रथम गेला, पुढें कित्येक वेळां जाऊन राहिला, आणि सन १९०७ मध्यें त्या बेटांवर त्याचें पुस्तक निघालें. त्याच्याजवळ कॅमेरा होता. लांकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फांसलेलें किंतान ताणून केलेल्या हलक्या होड्या, समुद्रांतील शेवाळ गोळा करणारीं माणसें, धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बाया, असलींच दृश्यें त्यानें टिपलीं. पुढील वर्षीं तीं चित्रें घेऊन तो परत गेला, तेव्हां बेटावरील लोकांनीं त्यांतील एकूणएक माणूस ओळखला. ज्यांचा नुसता हात किंवा पाय चित्रांत आला होता, तेहि ओळखले गेले! परक्याला जी नुसती गर्दी, ती गांवकऱ्यांना नांवागांवाचीं माणसें होत.

हें नांवाचें महत्त्व आम्हांस मुंबईच्या जुन्या छायाचित्रांवरूनहि पटलें. आपल्या देशांत ही कला फार लौकर आली. सन १८५४ मध्यें मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं एक होते. त्याच काळांतील विल्यम जॉन्सन या गृहस्थानें मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या चित्रांचें एक पुस्तक सन १८६३ व १८६६ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध केलें. चित्रें मोठीं रेखीव आहेत. परंतु त्यांतील कित्येक माणसें एकीकडे उभीं करून काढलेलीं आणि मागचा देखावा दुसरीकडचा आणून जोडलेला! आणि खालीं नांव आहे तें जातीचें, माणसाचें नाहीं. तो पुरुष कोण, ती बाई कोणाची कोण, त्यांचे वंशज आज कोठें आहेत, कांहीं सांगतां येत नाहीं. संग्रहालयांत फुलपांखरें टांचून ठेवावीं, तशीं तीं माणसें पानांवर उभीं आहेत. म्हणून आम्ही चित्राच्या पाठीवर तारीख व गांव लिहितों आणि ज्याची संमति असेल त्याचें नांव लिहितों. एवढें केलें, कीं 'एक कोळीण' ही कोणाची तरी आई होते.

हर्णैहून दक्षिणेस मालवण. सांगलीकडच्या मंडळींना तें कोल्हापुरावरून सोयीचें पडतें. मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आहे. शिवछत्रपतींनीं त्याची पायाभरणी सन १६६४ मध्यें केली. या किल्ल्याचें वैशिष्ट्य असें, कीं तो ओसाड नाहीं; आंत आजहि कांहीं कुटुंबें राहतात. पाहुणे तटाची लांबी आणि चुन्यांत उमटलेला महाराजांचा हात पाहून परततात. आम्हीं तटाच्या आंत दोरीवर वाळत घातलेले कपडे टिपले. इतक्या मोठ्या इतिहासाच्या कुशींत कोणाचें तरी धुणें रोज वाळतें, मीठमिरची होडींतून येते, पाहुणारावळा होडींतून येतो, हें आम्हांस तटाइतकेंच नवलाचें वाटलें.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण पाहावयास मिळाली, तो दिवस आम्हांस विसरतां येत नाहीं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें लांबच लांब जाळें. त्याचें एक टोंक किनाऱ्यावर धरून ठेवतात. होडी जाळें सोडीत समुद्रांत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरें टोंक दूरवर किनाऱ्याला आणते. मग दोन्हीं टोंकांकडे माणसें रांगेनें उभीं राहून दोर ओढूं लागतात. म्हातारे, तरुण, पोरें, सर्व एका तालांत मागें मागें सरकतात. आलेल्या मासळीचे वांटे पडतात आणि ज्यानें हात लावला, त्याला कांहींना कांहीं मिळतेंच. ओढणाऱ्यांच्या हातांचें एक जवळून घेतलेलें चित्र आमच्या संग्रहीं आहे: एका दोरावर सात हात, सातहि वेगळ्या वयांचे. सहकार हा शब्द शाळेंत पुष्कळदां ऐकला होता. त्याचें रूप आम्हीं तेथें पाहिलें.

या रापणीचे दिवस कठीण आले आहेत. यंत्राच्या मोठ्या नौका पर्ससीन जाळीं टाकून थव्याचे थवे एकदम उचलतात; मग किनाऱ्याजवळ मासळी फिरकेनाशी होते. मच्छीमारांमध्यें यावरून मोठे कलह झाले आणि सन २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. पावसाळ्यांत, मासळीच्या विणीच्या हंगामांत, यांत्रिक नौकांची मासेमारी कायद्यानें बंद असते. तथापि पूर्वीं जेथें अनेक रापणी लागत, तेथें आतां एखादीच दिसते, असें वृद्ध मच्छीमार सांगतात. उद्यां त्यांच्या नातवानें "रापण म्हणजे काय?" असें विचारलें, तर दाखवावयास काय उरेल? दोर कुजेल, होडी मोडेल. सात हातांचें तें चित्र उरलें तर उरेल.

नित्याची गोष्ट अशी नकळत नाहींशी होते, याचें आणखी एक उदाहरण द्यावेंसें वाटतें. कोंकण रेल्वे सन १९९८ मध्यें पूर्णपणें सुरू झाली. त्यापूर्वींच्या अनेक पिढ्यांचा मुंबईचा प्रवास आगबोटीनें होई. बोट हर्णैस, जयगडास, विजयदुर्गास दूर पाण्यांत उभी राही आणि मोठ्या पडावांतून उतारू तिच्यापर्यंत जात. हेलकावणाऱ्या पडावांतून बोटीच्या शिडीवर पाय ठेवणारी लेकुरवाळी बाई, डोक्यावरची ट्रंक, फणसांचीं ओझीं, हातावर हात देणारे खलाशी, हें त्या काळीं आठवड्यांतून कितीदां तरी घडत असेल. सन १९४७ च्या जुलैच्या १७ तारखेस मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंवर माणसें प्राणांस मुकलीं. ती बोट आजहि सर्वांस आठवते. परंतु ज्या हजारों फेऱ्या सुखरूप पार पडल्या, त्यांची आठवण कोण ठेवणार? संकटाला इतिहासांत जागा मिळते. सुखरूप पोंचलेल्या दिवसाला ती कोणीतरी मुद्दाम द्यावी लागते.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. जुनें तें टिपावयाचें म्हणून तें नाटकाप्रमाणें पुन्हां उभें करावें, असा मोह होतो. वर सांगितलेल्या अॅरन बेटांवरच रॉबर्ट फ्लाहर्टी यानें सन १९३४ मध्यें एक जगप्रसिद्ध चित्रपट काढला. त्यांत बेटावरील लोक लहान होडींतून प्रचंड माशाची भाल्यानें शिकार करतांना दिसतात. वस्तुतः ती शिकार बंद पडून दोन पिढ्या लोटल्या होत्या; लोकांना ती नव्यानें शिकवावी लागली. पडद्यावरचें कुटुंबहि खरें एका घरचें नव्हतें. चित्रपट सुंदर आहे, यांत संशय नाहीं; परंतु त्या वर्षीं बेटावरील माणूस सकाळीं उठून खरोखर काय करी, तें त्यांत थोडें आणि दिग्दर्शकाच्या मनांतलें फार. आपल्या किनाऱ्यावरहि कांहीं हौशी लोक मच्छीमाराला पैसे देऊन रिकामें जाळें हवेंत फेंकावयास लावतात. त्या जाळ्यांत मासा येत नाहीं, आणि आमच्या मतें सत्यहि येत नाहीं. मच्छीमार मोबाइलवर बोलत असेल तर तो तसाच टिपावा. तेंच आजचें बंदर होय.

आतां बंदर सोडून आपल्या घाटमाथ्यावर येऊं. कारण बंदरें आणि बेटें आपल्या सातारा जिल्ह्यांतहि आहेत! कोयना नदीवर मोठें धरण बांधण्यांत आलें. सन १९६४ च्या सुमारास तें पुरें झालें आणि त्यामागें शिवसागर हा मैलोगणती लांबीचा जलाशय पसरला. खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं; जीं कांठावर उरलीं, त्यांची वाट पाण्यावरून झाली. बामणोलीस किंवा तापोळ्यास सकाळीं जाऊन उभे राहा. लाँच लागते, तींतून दुधाच्या किटल्या, पिठाचें पोतें, गॅसची टाकी, शाळेचे मास्तर आणि शहरांतील दवाखान्यास निघालेली म्हातारी उतरते. हर्णैच्या वाळूवर जें पाहावयास आम्ही घाट उतरून गेलों, तेंच येथें घाटाच्या वर आहे. तापोळ्याजवळ पलीकडील अहीरकडे जाण्यासाठीं मोठ्या पुलाचें काम हातीं घेण्यांत आलें. पूल होणें अत्यंत अवश्य आहे. आजारी माणसाला वेळेवर दवाखाना मिळावा, हें आमच्या कोणत्याहि चित्राहून मोठें आहे. कोणीं आमच्या चित्रासाठीं कष्टांत राहावें, असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. परंतु होडी जाण्यापूर्वीं होडींतील माणसें टिपून ठेवावीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आणि या पाण्याची गंमत पाहा. पूर्वेस कृष्णेला मिळणारें कोयनेचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळविलें जातें, पोफळीस वीज निर्माण करून वाशिष्ठींत उतरतें आणि दाभोळच्या खाडीनें समुद्रास जातें. आपल्या घरांतील दिव्याचा आणि कोंकणच्या खाडीचा असा निकटचा संबंध आहे.

कोयनेच्या पाण्याखालीं ज्यांचीं गांवें गेलीं, त्या लोकांच्या वसाहती सातारा, सांगली, सोलापूर, रायगड अशा अनेक जिल्ह्यांत विखुरल्या आहेत. सांगली जिल्ह्यांतील अशाच एका वसाहतींत एका वृद्ध गृहस्थांशीं आमचें बोलणें झालें. त्यांनीं आपल्या गांवची देवराई, ओढा, घराची पडवी, पडवींतील उखळ यांचें असें वर्णन केलें, कीं जणूं तें सर्व कालच सोडून आले असावेत. आम्हीं विचारलें, "बाबा, त्या घराचा एखादा फोटो आहे काय?"

ते म्हणाले, "घराचा कुठला? धरणाचा आहे."

भिंतीवर कॅलेंडराशेजारीं खरोखरच धरणाचें चित्र लाविलेलें होतें. तें पाहून आम्हांस पुढें बोलवेना. धरण बांधणारांनीं धरणाचें चित्र काढलें, तें योग्यच झालें. पण त्या पडवीचें चित्र काढणें हें कोणाचें काम होतें? कोणाचेंच नव्हतें, म्हणून तें झालें नाहीं. आयर्लंडच्या ब्लास्केट बेटावरील उरलेसुरले रहिवासी सन १९५३ मध्यें बेट सोडून मुख्य भूमीवर आले, आणि तें बेट ओस पडलें. तेथील माणसें, होड्या, घरें यांचीं चित्रें मात्र आधींच पुष्कळांनीं काढून ठेवलीं होतीं. आज नातवंडांना आपल्या आजीचें दार दाखवितां येतें. आपल्या कोयनेच्या नातवंडांना तें दाखवितां येत नाहीं. दोन्हींकडे गांव गेलें; पण जाण्याजाण्यांत केवढा हा फरक!

सांगलीच्या वाचकांना वाटेल, आम्हांपाशीं तर ना बंदर ना बेट. परंतु सांगलीजवळ हरिपूर आहे. तेथें कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या जमिनींत हळद सांठविण्याचीं शेंकडों पेंवें होतीं. हळद पेंवांत भरून तोंड बंद केलें, कीं वर्षानुवर्षें तिला कीड लागत नसे. पेंव उघडल्यावर आंतील कोंदट हवा जाईपर्यंत थांबावयाचें, मग माणसानें आंत उतरावयाचें, ही सर्व एक विद्याच होती. सन २००५ च्या महापुरांत पुष्कळ पेंवें निकामी झालीं आणि व्यापारानें दुसरे मार्ग धरले. पेंवांत उतरणाऱ्या हमालाचें, त्याच्या हळदीनें पिवळ्या झालेल्या हातांचें चित्र किती घरांत असेल बरें? सांगलीच्या हळदीची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. ते हात मात्र कोणाच्या स्मरणांत नाहींत.

बालमित्रांनो, तुमच्या हातांत आज जें यंत्र आहे, तें सिंजच्या कॅमेऱ्याहून शतपटीनें सोयीचें आहे. त्यानें स्वतःचेंच तोंड दिवसांतून दहादां टिपण्यापेक्षां कधीं तरी तें दुसरीकडे वळवा. लांब जाण्याचें कारण नाहीं. आईचा भाकरी थापणारा हात, गल्लींतला लोहार, घाटावरचा नावाडी, बाजारांतील सुकटवाली, इतकें पुष्कळ आहे. आधीं पाहा, मग विचारा, मग काढा. कोणीं "नको" म्हटलें तर राग न मानतां यंत्र खिशांत ठेवा. नको म्हणणें हाहि त्यांचा हक्कच आहे. दुःखांत असलेल्या माणसाचें चित्र कौतुकासाठीं काढूं नका. आणि काढलेलें चित्र ज्याचें त्याला नेऊन दिल्यावांचून काम पुरें झालें, असें समजूं नका.

पालकांनाहि आमची एक विनंति आहे. आपल्या मोबाइलांत हजारों चित्रें असतात आणि एके दिवशीं तें यंत्र बिघडलें, कीं सर्व एकदम जातात. वर्षांतून निदान दहाबारा चित्रें कागदावर छापून घ्या. पाठीवर तारीख, गांव आणि नांवें लिहा. घरांतील वडील माणसांना जवळ बसवून तीं दाखवा. "हा कोण? हें काय करतो आहे?" एवढें विचारलें, तरी जी गोष्ट ऐकावयास मिळेल, ती कोणत्याहि पुस्तकांत सांपडणार नाहीं.

पुढील वर्षींच्या अंकांत बक्षीससमारंभाच्या चित्रांबरोबर आमच्या विद्यार्थ्यांनीं काढलेलीं अशीं चार साधीं चित्रेंहि छापलीं जावीं, आणि प्रत्येकाखालीं त्या माणसाचें नांव असावें, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही वाचकांची रजा घेतों.